पुरोगामी नगरसेवक नेमकं काय करतो? खान्देशातल्या मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिकांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मधल्या मतदानापर्यंत तिथं प्रशासकांचाच कारभार होता. बहुतेक नगरपरिषदांत तर ही पोकळी त्याच्याही आधीपासून होती. मधल्या काळात नगरसेवकाच्या दारात जायची सवयच मोडली. निवडणुका आल्या तेव्हा ओट्यावर, चहाच्या टपरीवर, भाजीबाजारात तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडले. ते इथं घेतले आहेत. उत्तरं तटस्थ नाहीत. मी पुरोगामी राजकारणाच्या बाजूचा आहे आणि त्याच बाजूनं लिहितो आहे.

पुरोगामी म्हणजे कोणत्या पक्षाचा?

कोणत्याही एका पक्षाचा नाही. समाजवादी, कम्युनिस्ट, आंबेडकरी, काँग्रेसमधले, अपक्ष असे सगळीकडचे लोक या वाटेवर चाललेले आहेत, आणि ही वाट खान्देशला नवी नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला झालं आणि शेतसारा, खंड (कुळानं मालकाला द्यायचं भाडं), कर्जबाजारीपणा हे विषय राष्ट्रीय ठरावात आले. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब आंबेडकर धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते. आजही त्या तारखेला तिथं माणसं जमतात. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते, आणि १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून तेच उपोषणाला बसले.

आज नगरपालिकेत या परंपरेची परीक्षा भाषणात होत नाही. पैसा वाटायची वेळ येते तेव्हा आधी कोणाची वस्ती, कोणाचा नळ, कोणाचा पगार, एवढंच बघायचं.

गटार, दिवे, रस्ते तर सगळेच करतात. मग वेगळं काय?

जेसीबीसमोर उभं राहून फोटो काढायला नगरसेवक लागत नाही. गटार तुंबलं तर ते काढणं हे आरोग्य निरीक्षकाचं आणि मुकादमाचं काम आहे, त्यासाठी त्यांना पगार मिळतो. नगरसेवकानं फोन करावा, जरूर करावा. पण दिवसभर फोनच करत राहिला तर त्याचं खरं काम कोण करणार?

खरं काम सभागृहात आहे. महासभेआधी नगरसेवकाच्या घरी विषयपत्रिकेचा गठ्ठा येतो. तो बहुतेक घरांत न सोडलेल्या दोऱ्यासकट कपाटावर जातो. जो सोडून वाचतो त्याला दिसतं की अमुक गल्लीचं काँक्रिटीकरण आणि तमुक चौक ते तमुक मंदिर रस्ता हे एकाच रस्त्याचं दोन नावांनी आलेलं काम आहे. त्याला विचारता येतं की हा रस्ता मागं कधी झाला, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे त्यानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती करायची मुदत, संपला का, संपला नसेल तर दुरुस्ती आपल्या पैशानं का? हा एक प्रश्न सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतला गेला, तर त्याचा दबाव दहा फोनपेक्षा जास्त असतो.

आणि घोडं पेंड खातं ते आयत्या वेळच्या विषयांत. सभा संपत आली, सदस्य उठायला लागले, की दोन-चार विषय तोंडी वाचले जातात आणि 'मंजूर, मंजूर' म्हणत सभा संपते. भूखंड, आरक्षण, मुदतवाढ असले विषय नेमके तिथंच येतात. पुरोगामी नगरसेवकानं शेवटचा माणूस उठेपर्यंत खुर्ची सोडू नये आणि अशा विषयाला नावानिशी विरोध नोंदवावा. तोंडी ओरडून उपयोग नाही, इतिवृत्तात नाव लागतं.

अंदाजपत्रकाचंही तेच. आयुक्त ते स्थायी समितीपुढे ठेवतात. समितीत सोळा सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. तिथून ते महासभेत येतं. महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के राखून ठेवायचे असतात. तरतूद दरवर्षी दिसते. खर्च किती झाला हा रकाना वाचणारा नगरसेवक मात्र शोधावा लागतो.

पाण्याबद्दल भूमिका काय?

'भाऊ, पानी कवय येई?' हा प्रश्न खान्देशात राजकारणाच्या आधी येतो. जळगावला वाघूर धरणाचं पाणी आहे, धुळ्याला तापीचं आणि नकाणे, डेडरगाव या तलावांचं, नंदुरबारला विरचकचं, भुसावळ तर तापीच्या काठावरच वसलेलं. तरी अनेक भागांत नळाला पाणी येतं ते कित्येक दिवसांच्या फरकानं, आणि ते रात्री दोनला आलं तर घरातली बाई दोनला उठते. सकाळी तिचीच पाळी कामावर जायची असते. पाणी म्हणजे किती लिटर आलं एवढाच हिशेब नाही, कोणाची झोप गेली हाही त्याच हिशेबाचा भाग आहे.

म्हणून पहिली मागणी वेळापत्रकाची. प्रत्येक झोनचा वार आणि वेळ लिहून जाहीर झाली पाहिजे आणि रात्रीची पाळी कायम एकाच वस्तीच्या वाट्याला येता कामा नये. ती फिरली पाहिजे. व्हॉल्व्हमन कोणाच्या सांगण्यावरून कुठलं चाक अर्धा तास जास्त फिरवतो हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत असतं, सभागृहात तेवढं कोणी बोलत नाही.

आपल्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याचं पाणी, त्याखालचे फड, कोणत्या फडात कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि पाटकरी जमिनीच्या मालकाकडे न बघता क्रमानं पाणी देणार. पुढच्या शेताला जास्त आणि शेपटाच्या शेताला कमी असं चालायचं नाही. तीच पांझरा ज्या धुळे शहरातून वाहते, तिथं टाकीजवळच्या कॉलनीला भरपूर आणि शेवटच्या वस्तीला हवा, हे का खपवून घ्यायचं?

दुसरी भूमिका अनधिकृत वस्त्यांची. सातबारा नाही, पट्टा नाही, म्हणून नळ नाही, हे उत्तर टिकणारं नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये मुंबईतल्या झोपडपट्ट्यांच्या बाबतीत सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि घर बेकायदा आहे म्हणून पाणी तोडता येत नाही. नळ दिल्यानं जमिनीचा मालकी हक्क मिळत नाही, तेवढी अट लिहून घ्या आणि नळ द्या.

हातगाडीवाल्यांमुळे रस्त्यावर चालता येत नाही. तुम्ही त्यांचीच बाजू का घेता?

चालणाऱ्याचा त्रास खरा आहे, तो कोणी नाकारत नाही. पण या प्रश्नाला कायद्यानं दिलेलं एक उत्तर आहे आणि ते बाजूला ठेवूनच अतिक्रमणची गाडी फिरते, तक्रार त्याची आहे.

पथविक्रेता कायदा २०१४ चा. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, मग जागांची आखणी, हा त्याचा क्रम आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केलाच तर त्याची यादी करून द्यायची, नाशवंत माल त्याच दिवशी परत आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. आता एखाद्या सकाळी जळगावात सुभाष चौकाकडची, फुले मार्केटजवळची कारवाई आठवा. वांग्यांची, मेथीची टोपली गाडीत फेकली जाते. त्याची पावती कोणाच्या हातात पडलेली दिसते का? मेथी संध्याकाळी परत मिळाली तरी ती कोण घेणार?

शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला हवेत, त्यातही एक तृतीयांश महिला. ही निवडणूक वेळेवर व्हावी, समितीच्या बैठका व्हाव्यात, आणि शहराच्या विकास आराखड्यात बाजाराच्या जागा आताच राखल्या जाव्यात, ही पुरोगामी नगरसेवकाची मागणी. पादचाऱ्यालाही वाट मिळते ती अशीच. आज उठवलेली गाडी उद्या पुढच्या कोपऱ्यावर लागते आणि मधल्या मध्ये चिरीमिरीचा दर तेवढा वाढतो.

सफाई कामगारांचा एवढा आग्रह कशासाठी?

कारण शहर चालतं ते त्यांच्यावर आणि नोंदीत ते नसतात.

घंटागाडीवरच्या माणसाला विचारा, तू कोणाचा कामगार? तो ठेकेदाराचं नाव सांगेल, काही वेळा तेही सांगता येणार नाही, कारण ठेका बदलला आणि त्याला कोणी सांगितलं नाही. हातमोजे एकदा मिळाले, ते फाटले. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो असं तो म्हणतो, पण खातं उघडून पाहिलेलं नसतं. नगरसेवकानं इथं करायचं काम अगदी साधं आहे. ठेकेदाराचं बिल मंजुरीला आलं की सोबत हजेरीपत्रक, बँकेत पगार जमा झाल्याची यादी आणि निधीचं चलन मागायचं. तीन कागद नसतील तर बिल थांबवा. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालक म्हणून तो देण्याची जबाबदारी कायद्यानं महापालिकेवर येते, तेव्हा हे कागद मागणं पालिकेच्याही हिताचं आहे.

गटारात, सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा मृत्यूबद्दल वारसांना १० लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख झाली. पण भरपाईवर येऊन थांबणारं राजकारण आम्हाला नको. मशीन घ्या, ते चालू स्थितीत ठेवा, आणि खाजगी घरमालक परस्पर कोणाला टाकीत उतरवतो का यावरही लक्ष ठेवा.

लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगारांच्या वारसांना मिळणाऱ्या नोकऱ्या वर्षानुवर्षं लटकत ठेवल्या जातात, त्यांचा पाठपुरावा हे याच कामाचं अंग आहे. या नोकऱ्या कोणत्या जातींच्या वाट्याला आल्या आणि का आल्या, हे न बोलता स्वच्छतेवर भाषण करणं मला पटत नाही. पोरांनी झाडूच धरावा असं कुठल्याच बापाला वाटत नाही. शिष्यवृत्ती आणि अभ्यासिका हवी ती आधी त्यांच्या वस्तीत.

घरपट्टी वाढवायला तुमचा पाठिंबा की विरोध?

सरसकट वाढीला विरोध, सरसकट माफीलाही विरोध. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, मग जीएसटी आला. आता पालिकेच्या हातात स्वतःचं म्हणावं असं घरपट्टी-पाणीपट्टीखेरीज फारसं उरलेलं नाही, बाकी सगळं शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून. घरपट्टीच नको म्हणणारा नगरसेवक टाळ्या घेतो आणि वर्षाच्या शेवटी पगाराला पैसे नाहीत म्हणून ठेकेदाराकडेच वळतो.

थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. दोन खोल्यांच्या घराला ती मोडून टाकते. शास्ती माफ करणारी अभय योजना येते तेव्हा मात्र खरा फायदा मोठ्या थकबाकीदाराचा होतो. म्हणून मागणी अशी की छोट्या घरांना शास्तीत कायम सवलत द्यावी, आणि सर्वांत मोठ्या थकबाकीदारांची यादी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावी.

घरकुलाच्या नावाखाली घोटाळे होतात. मग घरांची मागणी कशाला?

जळगावचं घरकुल प्रकरण कोणी विसरलेलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयानं त्यात ४८ जणांना दोषी ठरवलं, त्यात अनेक माजी नगरसेवक होते. पुढं वरच्या न्यायालयात अपिलं गेली. पण घरं गरिबांना लागत नव्हती म्हणून ते घडलं का? ठराव कसा झाला, ठेका कोणाला, आगाऊ रक्कम का दिली, हे सभागृहात विचारलं गेलं नाही म्हणून घडलं. आणि हे निवाड्याच्या यादीत पक्षाचा रंग बघून समजत नाही.

कायदा नगरसेवकाला महापालिकेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध ठेवू देत नाही, पद जातं. पुरोगामी उमेदवारानं एक पाऊल पुढं जाऊन भाऊ, मेहुणा, मुलगा कोणीही पालिकेचा ठेका घेणार नाही असं निवडणुकीआधीच लिहून द्यावं. विचारा त्यांना.

हिंदू-मुस्लिम प्रश्नात नगरसेवकानं का पडायचं? तो तर पोलिसांचा विषय.

जानेवारी २०१३ मध्ये धुळ्यात एका हॉटेलवरच्या भांडणातून दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा माणसं गेली. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं ठेचून मारलं. ही दोन्ही ठिकाणं आपल्या उंबऱ्याजवळची आहेत. परक्या मुलखाबद्दल बोलत असल्यासारखं त्यांच्याबद्दल बोलू नये.

पोलीस येतात ते पेटल्यावर. पेटायच्या आधीच्या दोन तासांत गल्लीत ज्याचा शब्द चालतो तो नगरसेवक. मोबाइलवर फिरणारा मेसेज खोटा आहे हे स्वतः त्या ठिकाणी जाऊन सांगणं, दोन्हीकडच्या मोहल्ल्यांतल्या वडीलधाऱ्यांना एका ओट्यावर बसवणं, हे त्याला जमलं पाहिजे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर्षभर दोन्ही वस्त्यांना सारखं पाणी, सारखी घंटागाडी, सारखी शाळा मिळते का. दंगलीनंतर शांतता समितीत बसून चहा पिणं सोपं आहे. मुस्लिम वस्तीतल्या पालिकेच्या उर्दू शाळेला शिक्षक मागणं, भिल्ल वस्तीत दिवा लावून घेणं, यानं मतं जातील अशी भीती असते. ती भीती बाजूला ठेवणाऱ्यालाच आम्ही मत मागतो.

ताई निवडून येतात, कारभार भाऊसाहेब बघतात. आरक्षणाचा उपयोग काय?

२०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत ५० टक्के जागा महिलांच्या आहेत. पहिल्या खेपेला नवरा मागं उभा असतो, हे खरं. पण सभागृहात नवऱ्याला बसता येत नाही. तिथं ताईंनाच हात वर करावा लागतो, आणि एकदा विषयपत्रिका वाचायची सवय लागली की चित्र बदलतं. पालिकेच्या अधिकाऱ्यांनीही नगरसेविकेच्या पतीला बैठकीत खुर्ची देऊ नये. ती खुर्ची मोकळी राहिली तरच ताई बोलतात.

तृतीयपंथीयांचा मुद्दा इथं कशाला?

इथलाच आहे म्हणून. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकमध्ये एका तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज ग्रामपंचायतीच्या महिला जागेवर नाकारला गेला होता. उच्च न्यायालयानं लढायची परवानगी दिली आणि जानेवारी २०२१ मध्ये गावानं निवडून दिलं. गाव जे करू शकतं ते शहरानं स्वच्छतागृह आणि दवाखान्याच्या रांगेपासून सुरू करावं.

उन्हाळ्यात पालिका काय करू शकते?

मे महिन्यात भुसावळ, जळगावचा पारा ४५ च्या वर जातो हे सांगायला नको. सफाईची पाळी पहाटे सुरू होऊन अकराच्या आत संपावी, बाजारात सावली आणि पाणपोई असावी, पालिकेचे दवाखाने दुपारी उघडे असावेत. रस्ता रुंदीकरणात जुना निंब तोडायचा प्रस्ताव आला की वृक्ष प्राधिकरणात हरकत घ्यावी. एवढ्यानं जीव वाचतात.

सभागृहानं ठराव केला तरी आयुक्त ऐकत नाहीत. मग निवडून देऊन काय उपयोग?

७४ व्या घटनादुरुस्तीनं १८ विषय शहरांकडे द्यावेत असं म्हटलं, पण कार्यकारी अधिकार महाराष्ट्रात आयुक्तांकडेच राहिले. शिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली शासन ठराव निलंबित आणि विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. गैरव्यवहाराचा ठराव रोखायला ही तरतूद बरी आहे. लोकहिताचा ठराव अडवायला ती वापरली गेली, तर लढाई रस्त्यावर न्यावी लागते, आणि ती नेण्याची तयारी पुरोगामी नगरसेवकाची असायला हवी. वर्षं-वर्षं प्रशासकाच्या हाती शहर देणं हेच आम्हाला मुळात मान्य नाही. दोन-चार वर्षं कोणीही न निवडलेल्या माणसानं अंदाजपत्रक मंजूर करायचं, ही कसली स्वराज्य संस्था?

कोणतं काम नगरसेवकाकडे नेऊ नये?

रेशनकार्ड तहसीलकडे, वीजबिल महावितरणकडे, महामार्गाचा खड्डा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. नगरसेवक सोबत येऊ शकतो, निर्णय त्याचा नसतो.

प्रभागात चार नगरसेवक. जाब कोणाला विचारायचा?

चौघांनाही, आणि एकाच कागदावर. चार सदस्यांच्या प्रभागात 'तो भाग त्यांच्याकडे' हे ठरलेलं उत्तर मिळतं. कायद्यात असा कुठलाही भाग वाटून दिलेला नाही. २००९ मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आली ती याचसाठी, पण ती भरवल्याचं क्वचित दिसतं. नगरसेवकाला मागा. तो भरवत नसेल तर तुम्हीच वीस घरं जमवा आणि त्याला बोलवा.

तक्रार कशी करू म्हणजे हलेल?

तोंडी नको. साध्या कागदावर दोन प्रती लिहा, एक आवक-जावक विभागात द्या आणि दुसरीवर तारखेसह शिक्का व आवक क्रमांक घ्या. दाखला, नळजोडणी यांसारखी अधिसूचित सेवा असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदत ठरलेली आहे, ती उलटली की अपील करा. रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक पाहायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. शिक्क्याच्या प्रतीची एक झेरॉक्स नगरसेवकाच्या हातात ठेवा आणि पुढच्या महासभेत तोच आवक क्रमांक वाचून प्रश्न विचारायला सांगा.